शनिवारच्या दोन गोळ्या

पायलचे केस गेले तेव्हा रवींद्रने शेजारच्यांना सांगितलं, "टायफॉइड झालेला. येतील परत." तिचा चेहरा सुजला तेव्हा सांगितलं, "औषधाची अॅलर्जी आहे." दर पंधरा दिवसांनी तिला ठाण्याला न्यावं लागायचं, तेव्हा सांगितलं, "कान दाखवायला जातोय." पहिलं खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली होती. चौथं आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

खरं असं होतं की नऊ वर्षांच्या पायलला रक्ताचा कर्करोग होता. दीड वर्षापूर्वी तो सापडला. सुरुवातीचे आठ महिने सलाइन, इंजेक्शनं, पाठीच्या मणक्यात सुया, सगळं त्या पोरीने सोसलं. आता तपासणीत रोग दिसत नव्हता. पण कुठेतरी दडून बसलेल्या पेशींनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून पुढची काही वर्षं घरी गोळ्या चालू ठेवायच्या होत्या. एका प्रकारची एक गोळी रोज संध्याकाळी. आणि दुसऱ्या प्रकारच्या दोन गोळ्या आठवड्यातून एकदाच, शनिवारी.

रवींद्र खोपटच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होता. राहायला कोपरला, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. माणूस वाईट नव्हता. लेकीवर त्याचा जीव होता. पण रोगाचं नाव त्याला घराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

"उद्या पोरगी मोठी होईल. लग्नाला उभी राहील. तेव्हा हीच माणसं आठवण काढतील," तो बायकोला, मंजुळाला म्हणायचा. "आणि आत्ता कळलं तर तिच्याशी खेळायला कोणी पोरं पाठवणार नाही."

"मला नाही पटत," मंजुळा म्हणायची. "किती लपवणार?"

पण तीही गप्प बसली. रविवारी विहारात वंदनेला जाणं त्यांनी बंद केलं, कारण तिथे ओळखीचे लोक चौकशी करायचे. शाळेत फक्त मुख्याध्यापिकेला ठाऊक होतं. आणि पायललाही बजावून ठेवलं होतं, "गोळ्यांबद्दल कोणाशी काही बोलायचं नाही. कोणाशीच नाही, कळलं?"

रवींद्रने आणखी एक गोष्ट केली होती. गोळ्यांच्या पाकिटांवर रोगाचं नाव छापलेलं नसतं, पण औषधाचं नाव कोणीही मोबाईलवर टाकून बघेल, या भीतीने तो गोळ्या पाकिटातून काढायचा आणि व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायचा. एका बाटलीत रोजच्या, दुसरीत शनिवारच्या. बाहेरून दोन्ही सारख्या. आतल्या गोळ्याही दोन्ही पिवळसर. मंजुळाला आणि त्याला फरक माहीत होता, तेवढं पुरे, असं त्याला वाटे.

जूनमध्ये शहाडला मंजुळाची आई न्हाणीत घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. मंजुळाला आठवडाभर तिथे जाऊन राहावं लागलं. रवींद्रची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. संध्याकाळी पायलला सांभाळणार कोण? समोरच्याच खोलीत गोदूबाई राहायच्या. साठी उलटलेल्या. जुन्नरकडच्या, पण चाळीस वर्षं इथेच काढलेल्या. नवरा गेल्यापासून त्या इमारतीतल्या तीन मुलांना शाळा सुटल्यावर सांभाळायच्या. पायल त्यांना आजी म्हणायची.

शनिवारी ड्युटीवर निघताना रवींद्रने दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. बूट घालता घालताच तो बोलत होता.

"आजी, ह्या बाटलीतली एक रोज. आणि ह्यातल्या दोन, शनिवारी. आज शनिवार आहे, तर आजच द्यायच्या."

"म्हंजी आजपास्नं?"

"हो, आज द्या. मला उशीर होतोय."

"पर कशाच्या हायत रं?"

रवींद्रने बुटाची नाडी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "ताकदीच्या."

गोदूबाईंनी मान डोलावली. पोरगी अशक्त होती हे त्यांना दिसतच होतं. ताकदीच्या गोळ्या रोज दिल्या तर चांगलंच, असं त्यांनी मनाशी धरलं. एक या बाटलीतली, दोन त्या बाटलीतल्या. शनिवारी, रविवारी, सोमवारी, मंगळवारी. पायलला गिळायला त्रास व्हायचा म्हणून त्या गोळ्या बोटांनी चुरून, मधात कालवून चाटवायच्या. मायेने.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी रवींद्रला फोन केला. तो आगारातल्या केबिनमध्ये होता. बाजूला दोन कंडक्टर उभे होते.

"रविंदर, त्या दोन-दोनवाल्या संपल्या. आनतोस ना नवीन?"

बाजूची माणसं ऐकतायत, एवढंच रवींद्रच्या डोक्यात आलं. गोदूबाई काय म्हणाल्या ते त्याने ऐकलंच नाही. "हो हो, आणतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

गुरुवारी पायलने डबा तसाच परत आणला. तोंड उघडलं तर आत सगळीकडे पांढरे चट्टे, हिरड्या लाल. रवींद्रला वाटलं, उष्णता झाली. शुक्रवारी सकाळी तिला पाणीही गिळवेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि अंगात ताप भरला. मंजुळा फोनवर ओरडली, "ताप आला की थांबायचं नाही असं सांगितलंय ना आपल्याला! आधी हॉस्पिटलला ने!"

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पायलचं तोंड पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शनिवारचं औषध किती दिलं?"

रवींद्रने पिशवीतून बाटली काढली. तिच्यात सहा गोळ्या असायला हव्या होत्या. एकही नव्हती.

महिन्याचं औषध चार दिवसांत पोरीच्या पोटात गेलं होतं!

डॉक्टरांनी तडक इंजेक्शनं सुरू केली, सलाइन लावलं, रोजची गोळीही थांबवली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. वेगळ्या खोलीत ठेवलं. "पुढचे आठ-दहा दिवस महत्त्वाचे आहेत," डॉक्टर म्हणाले. "हे कसं झालं?"

आणि त्या वेळी रवींद्रच्या तोंडून जे वाक्य निघालं, ते पुढे कित्येक महिने त्याला झोपू देणार नव्हतं.

"शेजारच्या बाईंनी दिल्या. त्या शिकलेल्या नाहीत."

मंजुळा शहाडहून थेट हॉस्पिटलात आली. शनिवारी सकाळी दोघं कपडे न्यायला घरी आले. जिन्यातच गोदूबाई भेटल्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "कशी हाय माझी पोर?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मंजुळाचा बांध फुटला.

"काय दिलंत तिला तुम्ही? सांगितलेलं ना शनिवारी द्यायच्या म्हणून! वाचता येत नाही, कळत नाही, तर हात कशाला लावायचा औषधांना? मारलं असतंत तिला!"

दारं उघडली. माणसं बाहेर आली.  गोदूबाईंनी फक्त एकदा रवींद्रकडे बघितलं.

रवींद्रने मान खाली घातली आणि कुलूप उघडलं.

दोन दिवसांत इमारतभर पसरलं. गोदूबाईने चुकीचं औषध दिलं, पोरगी मरता मरता वाचली. कसलं औषध, कशासाठी, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण तीनही मुलांच्या आयांनी मुलं पाठवणं बंद केलं. गोदूबाईंचा मुलगा देवेश अंबरनाथहून आला आणि आईला म्हणाला, "सामान बांधून ठेव, पंधरा दिवसांनी न्यायला येतो. इथे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." फोनवर एका शेजाऱ्याने ही बातमी रवींद्रला दिली, वर म्हणाला, "बरं झालं, जातेय ती." रवींद्र "हं" म्हणाला.

सोमवारी हॉस्पिटलच्या औषध विभागातून त्याला बोलावणं आलं. तिथल्या फार्मासिस्ट मैथिली मॅडम पन्नाशीच्या होत्या, बोलायला शांत. त्यांनी त्याला बाटली घेऊन यायला सांगितलं होतं. ती त्यांनी फिरवून फिरवून पाहिली.

"हे व्हिटॅमिनचं लेबल आहे."

"हो."

"आम्ही दिलेलं पाकीट कुठे गेलं? त्याच्यावर मी स्वतः मराठीत लिहून दिलं होतं. 'फक्त शनिवारी, रोज नाही.'"



"बसा," त्या म्हणाल्या. "हे औषध काय करतं, ते तुम्हाला सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही ऐकण्याच्या अवस्थेत नव्हता. आता ऐका. शरीरात नवी पेशी तयार व्हायची तर फॉलिक आम्ल लागतं. पालेभाजीतून मिळतं ते. ही गोळी घडणीने अगदी त्याच्यासारखी. पेशी फसते, खरं समजून हिला आत घेते, आणि तिचं काम ठप्प होतं. नवी पेशी बनतच नाही. कर्करोगाच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्यांना हा फटका सर्वांत मोठा बसतो."

"मग तोंडाला का झालं?"

"कारण तोंडाच्या आतलं अस्तर, आतडी, हाडांतला मगज, इथल्या चांगल्या पेशीसुद्धा भराभर बनतात. औषधाला चांगलं-वाईट ओळखता येत नाही. म्हणून तर एक दिवस औषध आणि सहा दिवस विश्रांती. त्या सहा दिवसांत चांगल्या पेशी सावरतात. पायलला ते सहा दिवस मिळालेच नाहीत. आता जे इंजेक्शन देतोय, ते त्या आम्लाचंच तयार रूप आहे. औषधाने अडवलेली पायरी ओलांडून ते पेशीपर्यंत पोचतं. लवकर दिलं की जास्त उपयोग होतो. मंगळवारी कळलं असतं तर बरं झालं असतं."

मंगळवार! फोनवरचा गोदूबाईंचा आवाज रवींद्रच्या कानात घुमला. 'त्या दोन-दोनवाल्या संपल्या.'

"त्या बाईंनी गोळ्या कशा दिल्या?" मैथिली मॅडमनी विचारलं.

"चुरून. हाताने."

"ह्या गोळ्या चुरायच्या नसतात. हातमोज्याशिवाय हाताळायच्याही नसतात. त्यांना त्रास झाला का, विचारलंत तुम्ही?"

विचारलं नव्हतं. त्या बाईचं काय झालं, हे विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"पण मॅडम, मी त्यांना शनिवारी म्हणून सांगितलेलं," तो कसाबसा म्हणाला. "त्यांना समजलं नाही."

"काय म्हणून सांगितलंत? कसल्या गोळ्या म्हणून?"



"ताकदीच्या."

मैथिली मॅडमनी बाटली टेबलावर ठेवली. "रवींद्र, ताकदीचं औषध चार दिवस जास्त दिलं तर कोणी घाबरत नाही. कर्करोगाचं औषध आहे एवढं माहीत असतं, तर त्या बाईंनी दहा वेळा विचारलं असतं. शिकलेलं कोण आणि अडाणी कोण, ते तुम्हीच ठरवा. मी तक्रार लिहीत नाहीये. पुन्हा कोणाच्या घरी असं होऊ नये म्हणून काय घडलं ते लिहून ठेवतेय. पण खरं लिहायला मला खरं कळायला हवं."

त्याने सगळं सांगितलं. बाटल्या, बूट, फोन. त्यांनी लिहून घेतलं. मात्र बाहेर आल्यावर मंजुळाला काही सांगायचं धाडस त्याला झालं नाही. उद्या सांगू, असं म्हणत त्याने सहा दिवस घालवले. या सहा दिवसांत तो पायलच्या उशाशी बसून असायचा आणि तिने डोळे उघडले की नजर दुसरीकडे वळवायचा.

शुक्रवारी ताप उतरला. पांढऱ्या पेशी वाढू लागल्या. रविवारी पायल पहिल्यांदा नीट बोलली. मंजुळा खाली जेवायला गेली होती. पायल हळूच म्हणाली, "पप्पा, माझ्यामुळे झालं ना?"

"काय, बाळा?"

"मला माहीत होतं त्या शनिवारच्याच असतात. रविवारी आजी द्यायला लागली तेव्हा मी सांगणार होते. पण तुम्ही म्हणालेलात ना, गोळ्यांबद्दल कोणाशीच बोलायचं नाही." तिचे ओठ अजून सुजलेले होते. "म्हणून मी गप्प खाल्ल्या. आजीला ओरडू नका हां. मी सॉरी."

अरेरे! नऊ वर्षांची पोर! बापाचा शब्द पाळायचा म्हणून तिने आपल्या हाताने... नाही, रवींद्रला पुढचा विचार करवेना. आपलं पाप एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवून तो मोकळा झाला होता, आणि ते तिथून घरंगळत आपल्याच लेकीच्या खांद्यावर येऊन बसलं होतं. सगळे अपराधी ठरले होते. फक्त खरा अपराधी तेवढा मान खाली घालून, सगळ्यांची सहानुभूती घेत बसला होता!

तो पायलच्या पायाशी वाकला. "तुझं काही चुकलं नाही. आजीचंही नाही. पप्पा चुकले. पप्पा एकटे चुकले." आणि तो हुंदके देऊन रडला.

मंजुळाला त्याने त्याच दुपारी हॉस्पिटलच्या जिन्यात सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ती भिंतीला टेकून म्हणाली, "मी त्यांना काय काय बोलले, रवी. आणि तू बाजूला उभा होतास." मग जरा वेळाने, "मीही लपवू दिलं. माझाही वाटा आहे." ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढच्या रविवारी इमारतीत सोसायटीची बैठक होती. टाकीच्या साफसफाईचा विषय होता. तो संपल्यावर रवींद्र उभा राहिला. गोदूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. देवेश त्यांना न्यायला आलेला होता, बॅगा भरून तयार होत्या.

"मला एक सांगायचंय," रवींद्र म्हणाला.  आगारात शेकडो प्रवाशांसमोर माइकवर बोलणारा हा माणूस वीस शेजाऱ्यांसमोर घामाघूम झाला होता. "पायलला ब्लड कॅन्सर आहे. टायफॉइड वगैरे काही नव्हतं. मी दीड वर्ष तुमच्याशी खोटं बोललो. आजींना मी कॅन्सरचं औषध ताकदीचं म्हणून दिलं, व्हिटॅमिनच्या बाटलीत घालून. त्यांनी मला फोन करून विचारलं, मी ऐकलं नाही. आजींची चूक नाही. चूक माझी आहे. आणि दोन आठवडे मी त्यांना तुमच्या शिव्या खाऊ दिल्या."

 मग पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं, "तो लागतो का हो? म्हणजे मुलं एकत्र खेळली तर..."

दीड वर्ष ज्या प्रश्नाला तो घाबरत होता, तो हाच! पण उत्तर किती सोपं होतं. "नाही. कोणाचा कोणाला लागत नाही. उलट दुसऱ्याची सर्दी-ताप तिला लागू नये म्हणून आम्हाला जपावं लागतं."

"मग आधी सांगायचं ना," ती बाई म्हणाली. "आमचा चिन्मय सर्दीतसुद्धा तुमच्याकडे येत होता की!"

एक-दोघं उठून निघून गेले, हेही खरं. एकाने तर "आमच्यापासून लपवलं" म्हणून तोंड फिरवलं. पण बाकीचे बसून राहिले.

रवींद्र गोदूबाईंपुढे गेला आणि त्यांच्या पायांना हात लावायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले.

"मला अडानी म्हनले, त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "म्या हायेच अडानी. पर तू ऐकत उभा व्हतास, रविंदर. पंधरा रोज माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई. मला वाटलं, म्या पोरीला ईख घातलं."

 त्या देवेशकडे वळल्या. "बॅगा खोल. म्या कुटं जात न्हाई." पण त्या दिवशी रवींद्रशी त्या आणखी काही बोलल्या नाहीत. माफी मागितली की ती लगेच मिळते असं नसतं.

आठवड्याने, पायल घरी आल्यावर, मात्र त्यांनीच दार वाजवलं. "पोरीला दवाखान्यात कवा न्यायचीय? म्या येनार."

मैथिली मॅडमसमोर बसून गोदूबाईंनी असे प्रश्न विचारले, जे शिकलेल्या बापाने दीड वर्षात विचारले नव्हते. चुकून एखाद्या शनिवारी राहिली तर पुढच्या शनिवारी दोनाच्या चार द्यायच्या का? नाही, तसं कधीच नाही, आधी फोन करायचा. अंग दुखलं तर दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिली तर चालेल? नाही, काही गोळ्यांनी हे औषध शरीरातच साठून राहतं, विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. ओकली तर? गिळता आली नाही तर? उरलेल्या गोळ्या टाकायच्या कुठे? कचऱ्यात किंवा मोरीत नाही, इथेच परत आणायच्या. मैथिली मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, तुम्ही आधीच आला असतात तर!" रवींद्रने मान खाली घातली. या वेळी मात्र त्याने कानही उघडे ठेवले.

पायलचे उपचार सहा आठवडे अडले. त्याचा पुढे काही परिणाम होईल का, या प्रश्नावर डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं: "बहुधा नाही. पण खात्री देता येत नाही." ही न मिळालेली खात्री रवींद्र आता आयुष्यभर उरावर घेऊन फिरणार आहे. तसं त्याने फिरायलाच हवं, असं तो स्वतःच म्हणतो.

पण तो आता बोलतो. आगारात, विहारात, जिथे कोणी विचारेल तिथे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो ही हकिगत औषधाच्या नावासकट सांगत होता, तेव्हा जगन नावाचा ड्रायव्हर जेवता जेवता थांबला.

"साहेब, हे नाव माझ्या आईच्या चिठ्ठीवर आहे. पण तिला कॅन्सर नाही, सांधेवात आहे."

"त्यालाही देतात, कमी प्रमाणात. पण तेही आठवड्यातून एकदाच. विचार, ती कशी घेतेय."

जगनने तिथल्या तिथे फोन लावला. आई म्हणाली, "कालपासून सुरू केली रे. काल एक घेतली, आजची घ्यायचीच आहे."

"घेऊ नको!" जगन एवढ्या जोरात ओरडला की सगळं कॅन्टीन वळून बघायला लागलं. त्याच्या आईची दुसरी गोळी तिच्या हातातच राहिली, आणि संध्याकाळी जगन तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला.

वाचकहो, औषधाचं काम औषध चोख करतं. ते कोणाला, किती आणि कधी द्यायचं, हे मात्र माणसांनी एकमेकांना सांगायचं असतं. आपल्या घरात आजार आला तर त्याचं नाव खुलेपणाने घ्या. जो कोणी आपल्या माणसाला औषध देणार असेल, त्याला ते कशाचं आहे हे पूर्ण सांगा, मूळ पाकिटासकट, वाराचं नाव त्याच्या भाषेत लिहून. आणि शेजारच्या घरातून असं नाव ऐकू आलं, तर पोरं आत ओढून दार लावू नका. कारण आपण लावलेल्या दारांच्या भीतीनेच माणसं खोटं बोलायला शिकतात. रवींद्रने लाजेला जपलं आणि लेकीला धोक्यात घातलं. कर्करोग होण्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. लाज वाटायचीच असेल, तर लपवण्याची वाटू दे!